मल्लीश्वरीचं गाणं

‘मल्लीश्वरी’त पावसाची एक रात्र आहे. नागराजू आणि त्याच्या मामाची मुलगी मल्ली जत्रेहून बैलगाडीने परतत असतात. वाटेत पाऊस गाठतो आणि दोघं एका जुन्या मंडपाच्या आसऱ्याला थांबतात. वेश पालटून फिरणारा विजयनगरचा राजा कृष्णदेवराय आणि त्याचा कवी अल्लसानी पेद्दना यांनाही त्याच मंडपाचा आसरा घ्यावा लागतो. मल्ली गाते, नाचते. ते दोघे अनोळखी प्रवासी खूश होतात. आणि नागराजू थट्टेत बोलून जातो, की रायांना सांगून हिच्यासाठी पालखी धाडा. पालखी पुढे खरोखरच दाराशी येते आणि मल्ली राणीवशात जाते, जिथून तिने कुणा पुरुषाला भेटायचं म्हणजे मरणाची शिक्षा.

बी. एन. रेड्डी यांनी ‘वाहिनी’ या चित्रसंस्थेसाठी काढलेला हा तेलुगू चित्रपट १९५१ सालचा. मल्ली झाल्या आहेत भानुमती रामकृष्ण, नागराजू एन. टी. रामाराव. आपल्याकडे कृष्णदेवराय ओळखीचा आहे तो संत भानुदासांनी हंपीहून विठ्ठल परत आणल्याच्या आख्यायिकेतून. इथला राजा वेगळा आहे. तो रसिक आहे, मनाने चांगलाही आहे, आणि त्याच्या रसिकतेनेच दोन माणसांचा संसार सुरू होण्याआधी मोडतो.

मंडपातला नाच तसा बेताचाच. लक्ष खिळतं ते गाण्यावर. बोलावूनही आढेवेढे घेणाऱ्या प्रियकराला लटका जाब विचारणारं, जावळी या शृंगारिक गीतप्रकाराच्या वळणाचं ते गाणं आहे. ते गाताना भानुमतींचा चेहरा गाण्याच्या मागून धावत नाही. स्वर वळायच्या आधी नजर वळते, ओळ संपल्यावर ओठांवर थोडं हसू रेंगाळतं, मध्येच घेतलेला श्वास खांद्यात दिसतो. याचं कारण साधं आहे, गळा त्यांचा स्वतःचा आहे. १९५१ पर्यंत पार्श्वगायन रुळलं होतं. याच चित्रपटात रामाराव पडद्यावर गातात तो आवाज घंटसालांचा. भानुमतींनी मात्र आपलं गाणं दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

संगीत नाटकावर वाढलेल्या मराठी रसिकाला यातली गोडी लगेच कळावी. बोलता बोलता नट पदावर येतो, तेव्हा बोलण्यातला राग, लाज किंवा हट्ट तसाच पहिल्या स्वरात उतरला, तर पद नाटकाचं होतं. नाहीतर ती नुसती बैठकीची चीज. मल्लीच्या बोलण्यात जो किंचित खर्जाकडे झुकलेला, ठाम सूर आहे, तोच तिच्या गाण्याचा षड्ज वाटतो. मराठी-हिंदी पडद्यावर शांता आपटे यांच्याकडे हे होतं. पुढच्या काळात गाणारी नटी दुर्मीळ होत गेली आणि चेहरा एकीचा, गळा दुसरीचा ही वाटणी आपण इतकी स्वीकारली, की त्यात काही गमावलं हे जाणवेनासं झालं. मला ते ‘मल्लीश्वरी’ बघताना तीव्रतेने जाणवतं.

विरहाचं द्वंद्वगीत घ्या. दोघं एकमेकांपासून दूर, आणि दोघंही आकाशातल्या ढगाला निरोप सांगताहेत. कालिदासाचा यक्ष एकटा होता. गीतकार देवुलपल्ली कृष्णशास्त्रींनी इथे यक्षिणीलाही बोलायला लावलं आहे. सालुरी राजेश्वरराव यांच्या चालीत घंटसालांचा भरदार आवाज आर्जव करतो. भानुमतींचा आवाज त्याला उत्तर देताना रडवेला होत नाही. तो सरळ राहतो, आणि दुःख त्या सरळपणातून ऐकू येतं. रडण्याची सगळी मुभा असलेल्या प्रसंगात हा संयम ठेवणं फार कठीण.

हा ताठपणा आला कुठून? भानुमतींचा जन्म १९२५चा, ओंगोलजवळच्या दोड्डवरमचा. वडील बोम्मराजू वेंकटसुब्बय्या संगीताचे जाणकार, गाण्याचे पहिले धडे त्यांनीच दिले. १९३९मध्ये ‘वरविक्रयम्’ या हुंड्यावरच्या चित्रपटात त्या पहिल्यांदा आल्या, आणि लग्नाच्या त्या बाजारात जीव देणाऱ्या मुलीची भूमिका केली. नायकाने मुलीला मिठी मारायची नाही, अशी अट वडिलांनी घातली होती. या अटीमुळे प्रेमाचे प्रसंग नजरेने, अंतराने आणि गळ्याने पेलण्याची सवय त्यांना कोवळ्या वयात लागली असावी, असं मला राहून राहून वाटतं. मल्ली आणि नागराजू यांच्यात जी ओढ आहे ती बहुतेक सगळी या अंतरातून घडलेली आहे. १९४३मध्ये पी. एस. रामकृष्ण राव यांच्याशी लग्न झालं आणि चित्रपट सोडून घर करायचं त्यांनी ठरवलं होतं. रेड्डींच्याच ‘स्वर्गसीमा’ने (१९४५) त्यांना परत आणलं. त्यात त्या रस्त्यावर गाणाऱ्या बाईची रंगभूमीवरची मोहिनी होतात. कबुतराला साद घालणाऱ्या त्यातल्या गाण्याची चाल एका हॉलिवूडपटावरून सुचलेली, तरी गायकी अस्सल भानुमतींची.

‘मल्लीश्वरी’चा उत्तरार्ध म्हणजे त्यांच्या अभिनयाची खरी कसोटी. पालखी येते तेव्हा आईला, नागम्माला, आनंद होतो. गरीब भाच्यापेक्षा राजवैभव तिला प्यारं. मल्लीला कुणी विचारत नाही. पूर्वार्धातली अवखळ, टोमणे मारणारी मुलगी राजवाड्यात शिरते आणि तिचं बोलणं आटतं. भानुमती इथे केविलवाण्या होत नाहीत. दागिन्यांनी मढलेली मल्ली सगळं करते, सांगितलेली कला सादर करते, फक्त मन कुठेच देत नाही. तिकडे नागराजू वेडापिसा होऊन दगडादगडांत तिचं रूप कोरतो आहे. एक माणूस प्रतिमा घडवतो आणि दुसरं माणूस राजवाड्यात प्रतिमेसारखं जगतं, ही रचना पटकथेची. तिच्यात जीव ओतला तो भानुमतींच्या अबोलपणाने. मग त्याच्या भेटीच्या आशेने रात्री वाट पाहणारं ते गाणं येतं, आणि इतका वेळ दाबून ठेवलेली मल्ली पुन्हा गळ्यातून बाहेर पडते. माझ्या मते तेलुगू चित्रपटातलं हे सर्वांत सुंदर एकटीचं गाणं आहे.

मल्लीला पालखी नाकारता आली नाही. भानुमतींनी आयुष्यात बरंच काही नाकारलं. निर्मात्याशी खटकलं म्हणून ‘मिस्सम्मा’ (१९५५) सोडला, आणि ती भूमिका सावित्रींकडे जाऊन त्यांचं नाव झालं. एम. जी. रामचंद्रन यांचा ‘नाडोडी मन्नन’ही त्यांनी मध्यावर सोडला. पतीबरोबर काढलेल्या संस्थेला मुलाचं नाव दिलं, भरणी, आणि तिथे १९५३मध्ये ‘चंडीराणी’ तेलुगू, तमिळ आणि हिंदी अशा तीन भाषांत दिग्दर्शित केला, दुहेरी भूमिकाही स्वतः केली. दक्षिणेत टी. पी. राजलक्ष्मी यांनी १९३६मध्ये ‘मिस कमला’ दिग्दर्शित करून वाट पाडली होती, पण तेलुगूत बाईने दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसणं नवं होतं. शिवाय लिहिणं होतं. सासूबाईंच्या विनोदी गोष्टींचं त्यांचं ‘अत्तगारी कथलु’ तेलुगू घरांत आवडीने वाचलं गेलं. २००१मध्ये पद्मभूषण मिळालं, २००५च्या डिसेंबरात चेन्नईत त्या गेल्या.

तेलुगू येत नसलं तरी हा चित्रपट बघता येतो. एक करावं: मंडपातलं गाणं आणि वाट पाहण्याचं गाणं लागोपाठ ऐकावीत, चित्र न बघता. पहिल्यात प्रत्येक ओळीचं टोक वर उचललेलं आहे, समोर कुणीतरी ऐकतंय याची खात्री असल्यासारखं. दुसऱ्यात ती टोकं लांबतात, आणि ओळ संपल्यावर भानुमती पुढची उचलायला घाई करत नाहीत.