अंकीय संहिता आणि वाचनीयतेचा प्रश्न : खानदेशच्या संदर्भात

बहिणाबाई चौधरी यांची गाणी पुत्र सोपानदेव व आप्तांनी लिहून ठेवली. १९५२ मध्ये ती ग्रंथरूप झाली. तो ग्रंथ वाचण्यास अक्षरओळखीखेरीज अन्य साधन लागत नाही. अंकीय संहितेचे स्वरूप याहून भिन्न आहे. 'संगणकात साठविले म्हणजे जतन झाले' हा समज म्हणूनच तपासून पाहणे आवश्यक ठरते.

१९९० नंतर श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींत टंकलेखित झालेल्या मजकुरात देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेले असत. मूळ फॉन्ट नसल्यास तीच फाईल निरर्थक चिन्हांची रांग दाखविते. मोडी दप्तरांबाबतही कागद टिकला, वाचक विरळ झाले. तथापि मोडीचे वर्ग भरतात. हरवलेल्या फॉन्टची अक्षरसारणी मात्र मिळणे दुष्कर.

युनिकोडमध्ये रूपांतर हा उपाय होय. परंतु तो निर्दोष नव्हे. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनापूर्वी, तर युनिकोडमध्ये व्यंजनानंतर साठविली जाते. त्यामुळे रूपांतरात, विशेषतः जोडाक्षरांत, ती भलत्या अक्षरावर जाऊ शकते. प्रमाण मराठीत अशी चूक चटकन ध्यानात येते. अहिराणी लोकगीतांत मात्र बिघाड कोणता व बोलीरूप कोणते, हे जाणकाराशिवाय ठरत नाही.

सारांश, चोपडा परिसरातील महाविद्यालयांनी जुने लघुप्रबंध व लोकगीतसंग्रह युनिकोड मजकूर, फॉन्ट अंतर्भूत असलेली पीडीएफ-ए प्रत आणि छापील प्रत अशा तिन्ही रूपांत ठेवावेत. रूपांतरित संहिता बोलीचे जाणकार हयात असतानाच त्यांच्याकडून तपासून घ्यावी. कारण ते काम पुढे कोणत्याही संगणकप्रणालीकडे सोपविता येणार नाही.