दत्तूला कोणी विचारले?

नगरच्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे मराठी शिकवले. एकदा तृतीय वर्षाच्या वर्गात ‘स्मृतिचित्रे’ चालू असताना मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “मॅडम, दत्तूला शाळेत कोणी काही बोलत नव्हतं का?” वर्ग हसला. तो मुलगा ख्रिस्ती होता. मला ते ठाऊक होते, आणि हसणाऱ्यांनाही. मी म्हटले की पुस्तक आईचे आहे, त्यामुळे मुलाचे शाळेतले अनुभव त्यात फारसे येत नाहीत. उत्तर चुकीचे नव्हते. पण त्याला जे विचारायचे होते त्याला मी हातही लावला नव्हता. टिळक-लक्ष्मीबाईंचा दत्तू, म्हणजे पुढचे देवदत्त नारायण टिळक, चार-पाच वर्षांचा असल्यापासून ‘बाटलेल्याचा मुलगा’ होता. त्याच्या पाठीमागे काय बोलले जात होते, कोणी डबा दूर सरकवला, कोणी खेळायला घेतले नाही, हे मराठी वाङ्मयात कुठे लिहिलेले आहे का? या प्रश्नापाशी मी नंतर पुन्हा पुन्हा येत राहिले. हा लेख त्याचेच उशिरा दिलेले उत्तर आहे.

मराठी मुलखातील धर्मांतरावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात मिशनरी आहेत, शास्त्री आहेत, न्यायाधीश आहेत, संपादक आहेत. ज्यांच्यावरून हे सगळे भांडले ते मात्र अनेकदा मिसरूड न फुटलेले मुलगे होते. १८३९ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. धनजीभाई तेव्हा सतराच्या आतबाहेरचे होते. पारशी समाज खवळला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. स्वतःचे बरेवाईट समजण्याइतके या मुलाचे वय आहे का, एवढाच कोर्टापुढचा प्रश्न होता. ते आहे असे ठरले आणि धनजीभाई विल्सन यांच्याकडे राहिले. पालकांनी धडाधड मुले शाळेतून काढून घेतली.

चारच वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनरींच्या घरी राहिला होता. त्याचे वय बाराच्या आसपास. पुन्हा कोर्ट, पुन्हा वयाचा प्रश्न. या वेळी निकाल उलटा लागला आणि श्रीपत वडिलांच्या स्वाधीन झाला. खरी परवड पुढे होती. तो मिशनरींच्या घरी राहिला होता, जेवला होता. आता त्याला पंक्तीत घ्यायचे की नाही? बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीसाठी पुढाकार घेतला आणि त्यावरून ब्राह्मणवर्गात दोन तट पडले. बाळशास्त्र्यांच्या चरित्रांत हे प्रकरण त्यांच्या धैर्याचा दाखला म्हणून येते, आणि ते धैर्य होतेच. मिशनच्या इतिहासात ते एका गमावलेल्या आत्म्याची कथा म्हणून येते. दोन्हीकडे श्रीपत हे एक निमित्त आहे. सकाळी विहिरीवर, पाठशाळेत, गल्लीत त्याच्या वयाची मुले त्याच्याकडे कशी पाहत असतील, याविषयी दोन्ही पक्ष गप्प आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बारा वर्षांच्या मुलाला आईबापांपासून दूर, आपल्या घरात ठेवून घेणे हाही दबावच होता. मिशनरींच्या पत्रांतून तो प्रेमाच्या भाषेत येतो म्हणून त्याचे वजन कमी होत नाही. शेषाद्रींच्या वडिलांचे दुःख खरे होते. म्हणून मी येथे कोणाचा पक्ष घेत नाही. मला एवढेच दिसते की कोर्टाने मुलाचे वय विचारले, समाजाने तो कोणाचा ते विचारले, मिशनने त्याचा विश्वास विचारला. त्याचे सोबती कोण उरले, हे विचारायचे राहून गेले. आणि त्या वयात सोबती म्हणजे निम्मे जग असते.

हा चौथा प्रश्न ज्या पुस्तकात अर्धामुर्धा का होईना उमटतो, ते बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’. १८८८ साली प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र आपण बहुतेक ‘यमुनापर्यटन’कारांचे चरित्रसाधन म्हणून चाळतो. नावातच पुस्तकाची चौकट आहे: आधी काळोख, मग उजेड. धर्मांतराच्या आत्मकथनांचा हा ठरलेला साचा. लिहिणारा पन्नाशी ओलांडलेला असतो, त्याला शेवट माहीत असतो, त्यामुळे पोरवयातली प्रत्येक शंका शेवटाकडे नेणारी पायरी होते. मित्र येतात तेही युक्तिवादातली एक बाजू मांडण्यापुरते. साच्याचा हा दोष पदमनजींतही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

पण परमहंस सभेचा भाग आला की हा साचा सैल पडतो. १८४९च्या सुमारास मुंबईत सुरू झालेली ही गुप्त सभा दादोबा पांडुरंगांच्या नावाशी निगडित आहे. जातिभेद मोडायचा, आणि तो मोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा. बेळगावहून मुंबईला शिकायला आलेला, विशीच्या उंबरठ्यावरचा बाबा या सभेत वावरला. सभासद शिकलेले आणि हुशार होते, पण मनातून घाबरलेले होते. रात्री एकत्र बसून जात नाही म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी घरी आपापल्या जातीच्या पंक्तीला बसायचे. संख्या पुरेशी वाढली की उघड व्हायचे, असा बेत होता. ती संख्या कधीच पुरेशी झाली नाही. १८६० साली सभेची कागदपत्रे चोरीला गेली, नावे फुटली, आणि सभा विखुरली. दादोबांचे बंधू आत्माराम पांडुरंग आणि इतर काही जण पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाजात उघडपणे उभे राहिले. पण हा सात वर्षांनंतरचा आणि बराच सौम्य मार्ग होता.

या सभेला कोणी शस्त्राने मोडले नाही, कोणा अधिकाऱ्याने बंदी घातली नाही. नावांची एक यादी बाहेर गेली आणि ‘अमका तिथे जातो म्हणे’ एवढे वाक्य पुरले. सुधारणेच्या इतिहासात आपण सनातन्यांचा विरोध मोजतो. कुजबुजीचे बळ मोजत नाही, कारण कुजबुज छापली जात नाही. पदमनजी १८५४ मध्ये बेळगावला बाप्तिस्मा घेऊन या घोळक्यातून आधीच बाहेर पडले होते. त्यांची धर्मश्रद्धा मला पटो न पटो, वाचक म्हणून मला हे दिसते की या पुस्तकातला सर्वांत जिवंत ताण हिंदू आणि ख्रिस्ती मतांमध्ये नाही. रात्री एक बोलणारे आणि दिवसा दुसरे वागणारे सोबती आणि त्यांच्यातलाच आपण, हा तो ताण आहे. सोबत्यांमुळे धीर येतो आणि सोबत्यांमुळेच तो खचतो. हे ज्याने सतराव्या-अठराव्या वर्षी अनुभवले नाही असा माणूस विरळा.

मुलींच्या वाट्याला हेच अधिक कडवट रूपात आले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आले. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या, पण धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरलेले होते. प्रार्थनेच्या वेळी त्या आपल्या खोलीचे दार उघडे ठेवत आणि काही मुली येऊन बसत. एवढ्यावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले, पालकांनी मुली परत नेल्या. या वादावर पुष्कळ लिहिले गेले आहे: रमाबाईंनी वचन मोडले का, टिळकांचे म्हणणे कितपत रास्त होते. दोन्ही बाजूंनी बोलता येते आणि अजून बोलले जाते. पण केस काढलेल्या, कोवळ्या वयाच्या त्या विधवा मुली घरी परतल्यावर त्यांच्यावर आधीच्या दुर्दैवाखेरीज आणखी एक शिक्का बसला असेल: ही तिथे होती. शिवाय त्याच वास्तूत मनोरमा होती, रमाबाईंची मुलगी. १८९३ मध्ये ती बारा वर्षांची. ख्रिस्ती म्हणून वाढलेली, आणि आपल्या आईच्या नावाने पुणे काय बोलते हे कळण्याच्या वयाची. रमाबाईंवर एवढे लिहिले गेले, पण मनोरमेच्या नजरेने ते साल आपण क्वचितच पाहिले.

आता दत्तूकडे येते. ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई चार-पाच वर्षे नातलगांत वेगळ्या राहिल्या, मग पतीकडे गेल्या आणि १९०० मध्ये स्वतः ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’चा हा भाग मराठीत अजोड आहे, कारण लक्ष्मीबाई लोकांच्या बोलण्याला रागाने उत्तर देत नाहीत, त्या बोलण्यातली गंमत दाखवतात आणि स्वतःच्या सोवळ्याओवळ्याचीही तीच गत करतात. आपण कोणाला नावे ठेवत होतो, हे त्या विसरत नाहीत. कुजबुजीचे लक्ष्य झालेल्या माणसाने आपणही कुजबुजणाऱ्यांतलेच होतो असे कबूल करणे दुर्मीळ आहे.

तरीही माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न शिल्लक राहतो. हा विनोद आईचा आहे. साठीतल्या बाईला जे हसून सांगता येते, ते पंधरा वर्षांच्या मुलाला हसून सोसता येतेच असे नाही. या घरात पुढे आणखी एक मुलगा आला: त्र्यंबक बापूजी ठोंबरे. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ठरलेल्या या सतरा वर्षांच्या मुलाला टिळकांनी नगरला आपल्या घरी ठेवून घेतले. दत्तूचा जन्म १८९१ चा, म्हणजे दोघे जवळजवळ एका वयाचे. एक जन्माने ब्राह्मण आणि आता ख्रिस्ती. दुसरा ब्राह्मण राहून ख्रिस्ती घरात जेवणारा-खाणारा. त्या काळच्या नगरात दोघांविषयीही बोलायला लोकांना भरपूर होते. ठोंबरे ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांच्या अभ्यासकांनी या मुक्कामाचा विचार टिळकांच्या काव्यप्रभावापुरता केला. मला त्यात एक साधी, मोठी गोष्ट दिसते: जिथे कोणी कोणाला ‘तू कोणाचा?’ असे विचारत नव्हते असे एक घर त्या दोन मुलांना मिळाले होते.

देवदत्तांनी आपले पोरवय स्वतंत्रपणे मांडले नाही. पण आईला आठवणी लिहायला लावणाऱ्यांत ते होते. टिळकांनी अर्धवट सोडलेले आणि लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेले ‘ख्रिस्तायन’ आईच्या मृत्यूनंतर शेवटचा अध्याय लिहून त्यांनी पुरे केले. ज्या धर्मांतराने त्यांचे बालपण दुभंगले, त्याच धर्माचे मराठी ओवीबद्ध काव्य त्यांच्या हातून पूर्ण झाले. याला उत्तर म्हणता येईल का, मला सांगता येत नाही. पण त्यांनी आपले मराठीपण आणि ख्रिस्तीपण यांपैकी एक निवडण्याचे नाकारले, एवढे त्यातून नक्की कळते.

हे सगळे बाहेरच्यांच्या कुजबुजीविषयी झाले. आतलीही असतेच. पुढच्या पिढ्यांतले ख्रिस्ती मुलगे-मुली जन्माने ख्रिस्ती होते. त्यांना मंडळीच्या बाकांवरून येणाऱ्या नजराही झेलाव्या लागल्या. अमकीची मुलगी गणपतीच्या आरतीला उभी होती, तमक्याचा मुलगा उपासनेला येत नाही. शाळेत ‘पाववाले’ आणि देवळात ‘बिघडलेले’. मराठी बायबलात डोळ्यातल्या कुसळ-मुसळाचा दाखला आहे आणि तीच जोडी आपल्या सर्वांच्या म्हणींतही आहे. दोन्हीकडच्यांना ती पाठ आहे आणि दोन्हीकडचे ती दुसऱ्यासाठी वापरतात.

मीही वापरली आहे. दहावीत माझ्या शेजारी एक ख्रिस्ती मुलगी बसायची. तिच्या घरी नाताळात काय पितात, याविषयी वर्गात एक गोष्ट पसरली. ती खरी आहे की खोटी हे मला माहीत नव्हते. ती पुढच्या बाकापर्यंत मी पोचवली. मला तिचा राग नव्हता. आमच्या घोळक्यात त्या आठवड्यात तोच विषय होता आणि मला घोळक्यात राहायचे होते. सहामाहीनंतर तिने बाक बदलला. मी कारण विचारले नाही.

म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाला मी वर्गात जे उत्तर दिले ते आज बदलून देते. हो, दत्तूला बोलत असणार. पुस्तकात ते नाही, कारण बोलणाऱ्यांनी ते कधी लिहून ठेवले नाही, आणि ज्याला बोलले त्याने सांगायचे टाळले. धर्मांतराच्या वाङ्मयाचा पुढचा अभ्यास करणाऱ्याने बाप्तिस्म्याच्या तारखांबरोबर शाळेचे पट, वसतिगृहांची पत्रे, जुन्या ‘ज्ञानोदया’तली किरकोळ मजकुराची पाने पाहावीत. तिथे कुठेतरी बाक बदललेली मुले सापडतील. आणि ‘स्मृतिचित्रे’ शिकवणाऱ्याने, वर्ग हसला तर, धडा तिथेच थांबवावा. मी थांबवला नव्हता.