आरे आणि पदके : संगणकीय शिल्पनातील अरीय सममिती

‘अरीय सममिती’ ही संज्ञा मराठीत मुख्यतः जीवशास्त्राच्या परिभाषेतून परिचित आहे. तिच्या मुळाशी ‘अर’ हा संस्कृत शब्द असून चाकाच्या ज्या दांड्याला मराठीत ‘आरा’ म्हणतात, तोच हा अर होय. मध्याभोवती समान कोनांतराने पुन्हा पुन्हा येणारी रचना ती अरीय रचना. संगणकावर त्रिमित शिल्पे घडविणाऱ्यांच्या व्यवहारात हीच कल्पना आली आहे. परंतु तेथे तिचा अर्थ काहीसा बदललेला दिसतो. जीवशास्त्रात ती आकाराचा गुण सांगते, तर संगणकीय शिल्पनात ती हाताच्या क्रियेचा गुण सांगते. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे या साधनाचा विचार बहुधा ‘वेळ वाचविणारी सोय’ एवढ्यापुरताच मर्यादित राहतो.

साधनाची कार्यपद्धती साधी आहे. झेडब्रश किंवा ब्लेंडर यांसारख्या प्रणालीत शिल्पकार प्रथम अक्ष निवडतो आणि मग आवर्तनांची संख्या ठरवितो. संख्या ८ असेल, तर ब्रशचा एक फटकारा त्या अक्षाभोवती ४५ अंशांच्या अंतराने आठ ठिकाणी एकाच वेळी उमटतो. येथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. आकृतीत सममितीचा नियम म्हणून काही साठविले जात नाही. साठतात ते केवळ फटकाऱ्यांचे परिणाम. सोय बंद करताच पुढचा फटकारा एकाच जागी पडतो आणि आधीची सममिती टिकविण्याची जबाबदारी कोणावरही उरत नाही.

या साधनाची कसोटी पाहण्यासाठी संज्ञेच्या मूळ अर्थाकडे, म्हणजे चाकाकडेच, वळणे सोयीचे ठरेल. ओडिशातील कोणार्कचे सूर्यमंदिर तेराव्या शतकात पहिल्या नरसिंहदेवाच्या कारकिर्दीत उभारले गेले. रथाच्या कल्पनेवर रचलेल्या या मंदिराच्या जोत्यावर २४ चाके कोरलेली आहेत. प्रत्येक चाकात ८ रुंद व ८ बारीक असे एकूण १६ आरे आहेत. असे चाक संगणकावर घडवू पाहणारा नवशिका साहजिकच आरे मोजून १६ ही संख्या देईल. तसे करताच रुंद आणि बारीक हा भेदच नाहीसा होतो. सोळाही आरे एकसारखे होतात. योग्य संख्या ८ आहे, कारण आवृत्ती होते ती एका आऱ्याची नव्हे, तर रुंद व बारीक आऱ्यांच्या जोडीची.

छंदःशास्त्राच्या अभ्यासकास हा विचार अपरिचित वाटू नये. भुजंगप्रयाताच्या चरणात १२ अक्षरे असतात. परंतु वृत्ताची ओळख त्या बारांच्या मोजणीने पटत नाही. लघु-गुरु-गुरु हा यगण चार वेळा येतो, हे उमगले म्हणजे वृत्त कळते. तात्पर्य, आवर्तनांची संख्या भरण्यापूर्वी आवृत्तीचे एकक ओळखावे लागते. हे काम प्रणाली करीत नाही. ते शिल्पकारालाच करावे लागते.

या एककाशी मूळ घनाकृतीही जुळावी लागते. चाकाचा आरंभ ६४ बाजूंच्या वृत्तचितीपासून केला, तर प्रत्येक आवर्तनाच्या वाट्यास नेमक्या ८ बाजू येतात. ६० बाजू घेतल्यास साडेसात येतात. ब्रशखालील जाळीचे बिंदू एकाआड एक आवर्तनात सारखे पडत नाहीत आणि विरळ जाळीवर हा फरक डोळ्यांस दिसतो. अक्ष तुंब्याच्या नेमक्या मध्यातून गेला नाही, तर आठही आवर्तने भलत्याच ठिकाणी पडतात. तुंब्याजवळ फटकारे एकमेकांवर चढून उठाव प्रमाणाबाहेर वाढतो. म्हणून तेथे ब्रशचा जोर कमी ठेवणे इष्ट.

एवढे साधल्यावर चाक पूर्ण झाले असे वाटू लागते, आणि खरा प्रश्न येथेच उद्भवतो. कोणार्कच्या रुंद आऱ्यांच्या मध्यभागी पदके आहेत व त्यांतील आकृती एकमेकींपासून भिन्न आहेत. आऱ्यांची मांडणी नियमाने चालते. पदके त्या नियमाच्या चौकटीत स्वतंत्रपणे बोलतात. सोय चालू ठेवून पदक कोरल्यास एकच मूर्ती आठ वेळा उमटते, आणि चाकात मूर्ती असूनही पाहण्यासारखे एकच पदक उरते. भिन्न पदके कोरून झाल्यावर सोय चुकून पुन्हा चालू राहिली, तर हानी अधिक होते. एका पदकावरील दुरुस्तीचा घाव उरलेल्या सातांवरही पडतो.

याचा अर्थ संपूर्ण आवृत्ती सदोषच असते, असा नव्हे. दंतचक्रास प्रत्येक दात सारखाच हवा. तेथे भिन्नता हा दोष ठरेल. उलट, निसर्गातील अरीय रचनेतही अपवाद आढळतो. पाच भुजांच्या तारामाशाच्या पाठीवर पाणी आत घेणारी चाळणीसारखी एक चकती असते. ती मध्यात नसून एका बाजूस असते. पाच आवर्तनांत तारामासा घडविणाऱ्याने सोय बंद केली नाही, तर त्याच्या तारामाशास अशा पाच चकत्या येतील.

म्हणून अशा शिल्पाचे परीक्षण करताना त्याला किती वेळ लागला हे पाहणे पुरेसे नाही. आवृत्तीचे एकक शिल्पकाराने बरोबर ओळखले आहे काय, आणि आवृत्ती कोठे थांबवावी हे त्याने जाणीवपूर्वक ठरविले आहे काय, हे दोन प्रश्न विचारावयास हवेत. पहिल्याचे उत्तर आऱ्यांत मिळते, दुसऱ्याचे पदकांत. शिल्पनाचा अभ्यासक्रम पहिल्यावरच थांबला, तर विद्यार्थी नीटस चाके घडवितील, पण कोणार्कच्या कारागिराने आठ पदकांसाठी आठ वेळा वेगळा विचार केला होता, हे त्यांच्या लक्षात येणार नाही.