बुटाचं पहिलं बटण

मार्सेल प्रूस्तच्या सात खंडांच्या महाकादंबरीत निवेदकाची आजी तिसऱ्या खंडात जाते. तिचं आजारपण, डॉक्टरांची ये-जा, अखेरची घरघर, सगळं सविस्तर येतं. पण ती गेल्याचं दुःख नातवापर्यंत पोचलेलंच नव्हतं, हे कळतं चौथ्या खंडात, १९२२ साली छापल्या गेलेल्या भागात.

समुद्रकाठच्या बाल्बेकला तो दुसऱ्यांदा आलाय. रात्री हॉटेलच्या खोलीत, थकून गेलेला, तो बूट काढायला जपून वाकतो. पहिल्या बटणाला बोट लागतं आणि त्याला एकदम रडू कोसळतं. पहिल्या खेपेला तो इथेच असा गळून गेला असताना आजीनं त्याचे हात थांबवून, स्वतः वाकून त्याचे बूट काढले होते. तिला पुरून वर्ष उलटलंय. आपल्याकडे वर्षश्राद्ध झालं की घर पुन्हा मार्गाला लागतं. या नातवाला आजी गेल्याचं कळतं तेच तेव्हा. मधल्या काळात तो तिच्याविषयी बोलला होता, तिची आठवणही काढत होता, पण त्यात ती नव्हती. आता वाकलेल्या अंगाला ती आठवली. ती जिवंत परत आली आणि त्याच क्षणी कायमची गेली. हा दुहेरी घाव प्रूस्तनं एका बटणावर तोलून धरलाय, ही त्याची थोरवी.

त्या पहिल्या खेपेला शेजारच्या खोलीत आजी असायची. मधल्या पातळ भिंतीवर यानं तीनदा टकटक केली की पलीकडून उत्तर यायचं. आता त्या भिंतीकडे बघणंही त्याला सोसत नाही.

मला याहून अस्सल वाटतो तो फोटोचा प्रसंग. पहिल्या मुक्कामात आजीनं नातवाच्या मित्राकडून फोटो काढून घेतला होता. या वयात हा कसला नटवेपणा, म्हणून नातू चिडला होता, तिला लागेल असं बोलला होता. आता मोलकरीण फ्रांस्वाज सांगते की आजी तेव्हाच आजारी होती. आपलं काही बरंवाईट झालं तर पोराजवळ एक फोटो असावा, एवढीच तिची इच्छा. ओढलेला चेहरा झाकायला टोपी. माफी मागायला ती आता नाही. प्रूस्त त्याला सावरत नाही, वाचकालाही नाही. गेलेल्या माणसाची माया आठवताना आपण त्याला दुखावल्याचं आठवणारच, आणि तेवढंच नेमकं गाळून केलेलं स्मरण मला नेहमी खोटं वाटत आलंय.

मग आई येते. आजीच्या आवडीची पत्रांची पुस्तकं घेऊन, आजी बसायची तशी वाळूवर बसायला जाते.

सात खंडांच्या धाकानं हे प्रकरण वाचायचं राहू देऊ नका. चौथा खंड उघडून थेट इथूनच सुरुवात केली तरी चालेल.