आगगाडीचीं ऐतिहासिक स्थानकें व तेथील लोकोत्सव : एक परीक्षण

ऐतिहासिक रेल्वे-स्थानकांत व रेल्वे-संग्रहालयांत लोकांसाठीं समारंभ करण्याची चाल अलीकडे वाढत आहे. १६ एप्रिल हा पहिल्या आगगाडीचा दिवस म्हणून पाळला जातो. १८ ते २३ जुलै २०२२ या आठवड्यांत स्वातंत्र्यलढ्याशीं संबंध असलेल्या देशांतील ७५ स्थानकांवर रेल्वेखात्यानें एकाच वेळीं उत्सव केला. त्यांत पथनाट्यें झालीं, चित्रांचीं प्रदर्शनें मांडलीं गेलीं व स्वातंत्र्यसैनिकांच्या कुटुंबीयांस बोलावून त्यांच्या तोंडून आठवणी ऐकविण्यांत आल्या. आगगाडीसारखा नित्याच्या व्यवहाराचा विषय इतिहासाच्या कक्षेंत आला, ही गोष्ट संतोषाची खरी. परंतु संतोष मानून स्वस्थ बसणें हें परीक्षकाचें काम नव्हे. या उत्सवांनीं इतिहासाच्या साधनांत भर किती पडली, या एका कसोटीनें त्यांचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मल्लिनाथानें टीकाकारास दंडक घालून दिला आहे तो असा कीं, ज्यास मूळ नाहीं तें लिहावयाचें नाहीं आणि ज्याची अपेक्षा नाहीं तें बोलावयाचें नाहीं. उत्सवांतील भाषणांस तोच लावून पाहूं. १६ एप्रिल १८५३ रोजीं दुपारीं ३ वाजून ३५ मिनिटांनीं १४ डब्यांची गाडी सुमारें ४०० निमंत्रितांस घेऊन बोरीबंदराहून ठाण्यास निघाली, हें सर्वश्रुत आहे. परंतु त्या दिवसाचें स्मरण छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसच्या भव्य इमारतीच्या सावलींत होत असल्यामुळें, ती गाडी याच कमानींखालून निघाली अशी समजूत करून घेऊन श्रोता घरीं जातो. वस्तुतः फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याच्या आराखड्याप्रमाणें या इमारतीचें काम १८७८ सालीं सुरू होऊन १८८८ सालीं संपलें. म्हणजे तिचा पाया घालण्यापूर्वीं ती गाडी सुटून २५ वर्षें लोटलीं होतीं. दुसरें असें कीं, तिला 'हिंदुस्थानांतील पहिली आगगाडी' म्हणतात. तेथें 'उतारूंची' हें विशेषण अवश्य पाहिजे. मद्रासजवळ रेड हिल्स येथें १८३७ सालीं दगड वाहणारा लोहमार्ग होता, आणि रुडकीजवळ सोलानी नदीवरील कालव्याच्या बांधकामावर १८५१ सालीं वाफेचें इंजिन चाललें होतें. हा आग्रह कोणास क्षुल्लक वाटेल. पण सनदेवरील शकाचा एक आंकडा इकडचा तिकडे झाला तर आपण पानेंच्या पानें वाद घालतों. मग लोहमार्गाच्या बाबतींतच एवढें औदार्य कां?

दोष दाखविला तसा गुणही दाखविला पाहिजे. नागपूर येथें मोतीबागेंत २००२ सालीं नॅरोगेज रेल्वे-संग्रहालय उघडलें. त्या वेळीं सातपुड्यांतील अडीच फुटी मार्गावर गाड्या धांवत होत्या. पुढें २०१५ सालीं नागपूर-छिंदवाडा मार्ग रुंदीकरणासाठीं बंद झाला. म्हणजे तो मार्ग बंद पडण्यापूर्वींच त्याच्या वस्तु राखणारें घर तयार होतें. तेथें मुलें छोट्या गाडींत बसण्याच्या हौसेनें येतात व जातां जातां इंजिनें पाहतात. यास आम्ही कमी लेखीत नाहीं. पंढरीच्या वारीस निघालेला प्रत्येक जण ज्ञानेश्वरीचा अभ्यास करूनच निघतो असें थोडेंच आहे! जत्रा ही आमच्या लोकांची जुनी पाठशाळा आहे. ती भरूं द्यावी. मात्र जत्रा उठल्यावर मागें काय उरलें, हें पाहणारा कोणी तरी तेथें असला पाहिजे. इंग्लंडांत मँचेस्टर येथें १८३० सालीं उघडलेलें लिव्हरपूल रोड स्थानक १९८३ पासून संग्रहालयाच्या उपयोगांत आलें, आणि यॉर्कच्या रेल्वे-संग्रहालयांत जुन्या नोकरांच्या आठवणींचें ध्वनिमुद्रण जतन केलेलें आहे. इंजिन लोखंडाचें असतें, तें कांहीं काळ टिकतें. तें चालविणाऱ्याची स्मृति त्याच्याबरोबर जाते, हें त्या लोकांनीं ओळखलें.

आतां आमच्या नगराकडे वळूं. छत्रपति संभाजीनगरच्या स्थानकावर असें संग्रहालय नाहीं; पण संग्रहालयास लागणारा इतिहास मात्र विपुल आहे. मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत सुमारें ३९१ मैलांचा हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मार्ग १८९९ ते १९०१ या काळांत खुला झाला, व १९०० सालीं आगगाडी या नगरास पोंचली. प्रथम हा कारभार लंडनमध्यें नोंदलेल्या कंपनीकडे होता. १९३० सालीं निजाम सरकारनें तो विकत घेतला. १९५१ सालीं तो मध्य रेल्वेंत व १९६६ सालीं दक्षिण-मध्य रेल्वेंत आला. आणि २००३ पासून नांदेड विभागाकडे आहे. दप्तराचे धनी इतक्या वेळां बदलले म्हणजे त्याची काय अवस्था होते, हें पेशवे-दप्तराचा इतिहास जाणणाऱ्या वाचकांस सांगावयास नको.

शिवाय हा मार्ग मीटरगेजचा होता, आणि मनमाडास जी. आय. पी. चा साडेपांच फुटी मार्ग होता. त्यामुळें मराठवाड्यांतून मुंबईकडे जाणारी कापसाची प्रत्येक गासडी मनमाडास एका गाडींतून उतरवून दुसरींत चढवावी लागे. नगरसूल इंग्रजी मुलखांत, तर रोटेगांव निजामी मुलखांत. या दोहोंमध्यें राज्याची सीमा होती आणि ती ओलांडणाऱ्या मालास निजामाची करोडगिरी लागे. हाली व कलदार अशा दोन नाण्यांचा हिशेब येथील व्यापाऱ्यांच्या वह्यांतून चाले. ही सीमा पुढें गेली, आणि मनमाडची चढउतर १९९० नंतरच्या दशकांत रुंद मार्ग झाल्यावर थांबली. सातपुड्याच्या गाडीस मोतीबाग लाभली; गोदावरी खोऱ्याच्या गाडीस येथें तसें घर मिळालें नाहीं. मीटरगेजवर काम केलेले पाइंटमन, फायरमन, गार्ड व हमाल आज वृद्ध झाले आहेत. त्यांच्या आठवणींची नोंद पुढील दहा वर्षांत झाली नाहीं तर ती कधींच होणार नाहीं.

येथें दोष केवळ उत्सव करणाऱ्यांचा नाहीं. आम्हां संग्राहकांचाही आहे. जीर्ण सनदेसाठीं आपण वाटेल ती किंमत मोजतों, मोडींतील महजर मिळाला तर दिवाळी मानतों. पण त्याच रुमालांतून १९१० सालची मालाची बिल्टी निघाली तर ती रद्दींत टाकतों. शिवकालीन कागदास कागद म्हणावें व आगगाडीच्या पावतीस कपटा म्हणावें, हा भेद शास्त्रीय नाहीं. राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून जीं दप्तरें वाचविलीं, तींही तीं बाळगणाऱ्या पुष्कळांच्या दृष्टीनें वाळवीचें खाद्यच होतीं. वृद्ध गार्डाच्या घरची कामाची वही शंभर वर्षांनीं त्याच योग्यतेस चढेल.

म्हणून आमची सूचना अशी. येत्या १६ एप्रिलास किंवा मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या १७ सप्टेंबरास स्थानकाच्या आवारांत उत्सव करावा. वाद्यें वाजोत, मुलें गावोत, त्यास आमची हरकत नाहीं. मात्र मंडपाच्या एका बाजूस मेज मांडून तेथें मोडी जाणणारा एक, उर्दू जाणणारा एक व इंग्रजी जाणणारा एक, असे तीन जण बसावे. लोकांनीं घरांतील जुनीं तिकिटें, बिल्ट्या, नेमणुकीचीं पत्रें, छायाचित्रें व हिशेबाच्या वह्या आणाव्या. त्यांचें चित्र तेथल्या तेथें घेऊन मूळ वस्तु धन्यास परत करावी. वस्तु कोणाची, कोठून आली, कोणत्या सालची व घरांत कशी आली, हीं चार कलमें वहींत लिहिल्यावांचून कोणतीही प्रत स्वीकारूं नये. या नगराचें नांव २०२३ सालीं व स्थानकाचें २०२५ सालीं बदललें. तेव्हां कागदावर जें नांव असेल तेंच नोंदींत उतरून घ्यावें व चालू नांव त्यापुढें द्यावें, म्हणजे पुढील वाचकाचा घोटाळा होणार नाहीं. वृद्ध नोकरांस हार घालून सभामंचावर बसविण्यापेक्षां त्यांस एका शांत खोलींत नेऊन दोन घटका बोलतें करावें आणि तें बोलणें मुद्रित करावें. याला द्रव्य फारसें लागत नाहीं. लागते ती चिकाटी, आणि ती आमच्या वाचकवर्गांत उणी नाहीं.

उत्सवास किती हजार लोक आले, हा आंकडा वर्तमानपत्रांत छापून येतो व दुसऱ्या दिवशीं विसरला जातो. त्या दिवशीं वहींत किती नोंदी झाल्या, हा आंकडा यापुढें उत्सव करणाऱ्यांनीं प्रसिद्ध करावा. त्यावरूनच आम्ही त्यांच्या कार्याचें मोल ठरवूं, व नोंदी मिळाल्यास त्या निवडून छापण्याविषयीं संपादकांस विनंति करूं.