परमुलखातील पहिले दिवस : दोन अमेरिकन कादंबऱ्या

प्रवासी आणि वसाहतकार यांची दृष्टी मुळातच भिन्न असते. प्रवाशाच्या खिशात परतीचे तिकीट असते. म्हणून जे जे अपरिचित ते ते त्याला कौतुकाचे वाटते. कुटुंबकबिला घेऊन कायमचे राहावयास गेलेल्या माणसाला ही चैन परवडत नाही. पाणी कोठे मिळेल, सरपण कशाचे करावे, शेजारी बोलतो त्याचा अर्थ कोण सांगेल, या प्रश्नांतच त्याचे पहिले दिवस सरतात. पंडिता रमाबाईंच्या १८८९ च्या अमेरिकाविषयक ग्रंथापासून पु. ल. देशपांड्यांच्या १९६० च्या ‘अपूर्वाई’पर्यंत पहिल्या प्रकारच्या दृष्टीचे उत्तम नमुने मराठीत आहेत. दुसऱ्या प्रकारची दृष्टी मात्र प्रवासवर्णनात मावत नाही. तिला कादंबरीचाच ऐसपैसपणा लागतो. त्या दृष्टीने विला कॅथर यांची ‘माय ॲन्टोनिया’ (१९१८) आणि रोल्वाग यांची ‘जायन्ट्स इन द अर्थ’ या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचाव्यात असे सुचवावेसे वाटते.

दोहोंची पार्श्वभूमी एकच आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने अमेरिकेच्या मध्यभागातील माळराने १६० एकरांच्या तुकड्यांनी वसाहतीसाठी खुली झाली आणि युरोपातील शेतकरी कुटुंबे तिकडे लोटली. कॅथर स्वतः बालपणी, १८८३ मध्ये, व्हर्जिनियातून नेब्रास्कात आल्या. म्हणजे त्या परक्या नव्हत्या, पण नवख्या होत्या. कादंबरीचा निवेदक जिम बर्डन हाही तसाच. आईबापावेगळा, दहा वर्षांचा, आजी-आजोबांकडे निघालेला. ज्या आगगाडीने तो येतो त्याच गाडीने बोहेमियातून आलेले शिमेर्डा कुटुंब येते. रात्री फलाटावर बोचक्यांभोवती गोळा झालेली ती माणसे त्याला दिसतात, आणि एक परकी भाषा तो जन्मात प्रथमच ऐकतो.

शिमेर्डांचे घर म्हणजे दरडीत खणलेली गुहाच. ते त्यांना विकले त्यांच्याच एका देशबांधवाने, क्रायेकने, आणि तेही भरमसाट किमतीला. हा क्रायेक कादंबरीत गौण पात्र आहे. परंतु लेखिकेची सूक्ष्म जाण मला सर्वांत अधिक त्याच्याच ठिकाणी दिसते. त्याने आपल्याला लुबाडले हे कुटुंबाला कळून चुकले आहे. त्यांना त्याचा तिटकारा आहे. तरीही ते त्याला घरातून घालवू शकत नाहीत. कारण त्या अफाट माळावर त्यांच्या भाषेत बोलणारा तो एकटाच. आपल्या माणसाकडून होणारी फसवणूक आणि त्याच माणसावाचून होणारी अडचण हा प्रसंग स्थलांतराच्या इतिहासात कितीदा तरी घडला असेल. कॅथर त्यावर प्रवचन करीत नाहीत. दुभाषी असणे हीच एक सत्ता आहे, एवढे दाखवून त्या पुढे जातात. म्हाताऱ्या शिमेर्डाला पुढे दोन रशियन शेजारी भेटतात, त्यांची बोली त्याला थोडीफार उमगते आणि तेवढ्यानेच त्याचा चेहरा खुलतो. ते अंतरताच तो पुन्हा मुका होतो. मायदेशी हा गृहस्थ कुशल विणकर होता, सारंगी वाजवीत असे. येथे आल्यावर ती सारंगी तो वाजवीत नाही. पहिल्याच भेटीत जिमच्या आजीच्या हाती तो दोन लिप्यांचे एक पुस्तक ठेवतो आणि मुलीला शिकवा म्हणून विनवतो. आपणां शिक्षकांना या प्रसंगावरून सहज पुढे जाता येणार नाही: जो स्वतः शिकू शकणार नाही हे ओळखतो, तोच मुलीसाठी इतक्या कळकळीने मागतो. पहिला हिवाळा संपण्यापूर्वीच तो आत्महत्या करतो.

या भागातील सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग मात्र मृत्यूचा नसून एका पुरचुंडीचा आहे. कडाक्याच्या थंडीत आजी मदत घेऊन जाते, तेव्हा शिमेर्डाबाई परतभेट म्हणून पेटीतून काढून काही वाळक्या तपकिरी चकत्या देते. त्यांचा उग्र वास आजीला सोसत नाही. हे मांस आहे की मुळ्या, हेही तिला कळत नाही. घरी येऊन ती पुरचुंडी ती चुलीत टाकते. जिम मात्र एक तुकडा चाखून पाहतो; त्या बोहेमियाच्या अरण्यात वेचून वाळवलेल्या अळंब्या होत्या, हे त्याला पुष्कळ वर्षांनी समजते. दात्याजवळ असलेली सर्वांत मोलाची वस्तू घेणाऱ्याने कचरा म्हणून जाळावी, आणि तीही दुष्टपणाने नव्हे, भल्या मनाने! दोन संस्कृतींच्या भेटीवरील कित्येक जाडे ग्रंथ जे सांगत नाहीत ते या दीड पानाने सांगितले आहे.

इतके असूनही या कादंबरीविषयी एक तक्रार राहतेच. सारे काही जिमच्या डोळ्यांनी दिसत असल्याने शिमेर्डा मंडळी आपल्याला भेटतात ती मोडक्या इंग्रजीत. मोडकी भाषा बोलणारा माणूस मनानेही मोडका वाटू लागतो; परभाषेत एकदा तरी अडखळलेल्या प्रत्येकाला हा अन्याय ठाऊक आहे. शिमेर्डाबाईच्या वाट्याला तो पुरेपूर आला आहे. ती कुरकुरी, हावरी, हेवेखोर दिसते. आपल्या भाषेत, आपल्या मुलांशी ती काय बोलत असेल? कदाचित तीच कुटुंबाचा खरा आधार असेल; पण त्या गुहेतील संभाषण आपल्या कानी पडत नाही. अळंब्यांच्या प्रसंगी कॅथरांना ही मर्यादा स्वच्छ दिसली आहे. या बाईच्या बाबतीत मात्र ती त्यांच्या नजरेतून सुटली, असे म्हणणे भाग आहे.

रोल्वाग यांच्या कादंबरीत ते दार उघडे आहे. हे गृहस्थ १८९६ मध्ये नॉर्वेहून अमेरिकेत आले, पुढे मिनेसोटातील सेंट ओलाफ महाविद्यालयात प्राध्यापक झाले. आणि अमेरिकेत राहून, अमेरिकेविषयी, त्यांनी नॉर्वेजियन भाषेत लिहिले. मूळ दोन भाग १९२४ आणि १९२५ मध्ये नॉर्वेत प्रसिद्ध झाले. लिंकन कोलकॉर्ड यांच्या साहाय्याने झालेला इंग्रजी अवतार १९२७ मधला. आरंभी पेर हान्सा, त्याची गरोदर पत्नी बेरेट आणि मुले गाडी घेऊन डकोटाच्या गवताळ माळावर वाट चुकली आहेत. पेरला ही भूमी म्हणजे साक्षात राज्य वाटते. बेरेटला तेथे आडोसा म्हणून काहीच दिसत नाही, आणि उघड्यावर पडल्याच्या या भयाने तिचे मन हळूहळू ढासळते. ती खिडक्यांवर कपडे टांगते. माहेरची जुनी पेटी दाराला लावते. पुढे तर मेल्यावर याच पेटीत मला पुरा असे सांगते. दोघेही परस्परांशी पूर्ण, निर्दोष वाक्यांत बोलतात. म्हणूनच पेरचा उत्साह आणि बेरेटची भीती या दोहोंनाही सारखीच प्रतिष्ठा मिळते. येथे कोणी कोणाला समजावयाचे राहिले तर ते भाषेमुळे नव्हे, स्वभावामुळे. जमिनीच्या नोंदणीसाठी कुटुंब नवे आडनाव घेते तेव्हा बेरेटला होणारा क्लेश बाहेरच्या निवेदकाला दिसलाच नसता. उत्तरार्धात धर्मोपदेशकाच्या आगमनानंतर कथेची पकड काहीशी सैल होते, हे मान्य करूनही पहिल्या भागाचे सामर्थ्य अबाधित राहते.

अर्थात याची किंमतही रोल्वागांना मोजावी लागली. ज्या वसाहतकारांची ही कथा, त्यांच्या नातवंडांना पुढे ती बहुतांशी इंग्रजीतूनच वाचावी लागली.

तिसरी वाट अलीकडची आहे. झुंपा लाहिरी यांच्या ‘द नेमसेक’ (२००३) या कादंबरीच्या प्रारंभी, १९६८ मधील केंब्रिजच्या एका स्वयंपाकघरात, आशिमा तांदळाच्या कुरकुरीत लाह्या, शेंगदाणे आणि कांदा एकत्र करून कलकत्त्याच्या पदपथावरील खाऊ जमवू पाहते. मोहरीचे तेल नसते आणि चव जमत नाही. येथे परकी गृहिणी मोडकी दिसत नाही, कारण लेखिकेने तिचे विचार सुघड इंग्रजीत मांडले आहेत. बंगालीचा नाद मात्र त्यात उरलेला नाही. अळंब्यांच्या पुरचुंडीशी या वाडग्याची तुलना करून पाहण्याजोगी आहे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी घरांना यातील कोणती वाट जवळची वाटेल, हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात गेलेल्या कोकणी मजुरांच्या पहिल्या हिवाळ्याची, अथवा १९६५ नंतर अमेरिकेत गेलेल्या अभियंत्यांच्या घरातील पहिल्या महिन्याची कथा कोणी मराठीत लिहू पाहील, तर त्याने रोल्वाग आधी वाचावा आणि कॅथर नंतर.

कॅथरांच्या बाजूने शेवटी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. वीस वर्षांनी जिम ॲन्टोनियाच्या शेतावर जातो, तेव्हा तिची धाकटी मुले शाळेत जाईपर्यंत बोहेमियनच बोलतात आणि आपले इंग्रजी आपण विसरत चाललो, असे ती स्वतःच सांगते. मुले त्याला तळघरातील मुरवलेली फळे दाखवतात. आई त्यांचे कोलाचे करते असे एक मुलगा म्हणतो, आणि दुसरा हलक्या आवाजात, आपल्या भाषेत, पाहुण्याविषयी काही तिरकस बोलतो. जिम त्याला हसून अडवतो. कोलाचे म्हणजे काय ते त्याला ठाऊक असते. तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी तुझ्या आईच्या हातचे मी खाल्ले आहेत, असे तो त्या मुलाला सांगतो.