पहिली पायरी कोणाची?

'बिनाका गीतमाला'वर लिहिणारे बहुतेक पुरुषच. ते अमीन सायानींच्या आवाजावर लिहितात, बिगुलावर लिहितात, आणि वर्षअखेरीच्या यादीला तर पंचांगासारखं मानतात. अमुक साली अमुक गाणं पहिलं, म्हणजे त्या साली अख्ख्या देशाला तेच आवडलं! मला ती यादी जरा निवडून-पाखडून बघायची आहे. तांदूळ कितीही चांगला असला तरी आपण खडे बघतोच की.

1952 साली मंत्री बा. वि. केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार केलं. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कैवारी; हेतू चांगलाच असणार. पण लोक सिलोनकडे वळले. हैदराबादेत तर निजामाचं डेक्कन रेडिओही 1950 मध्येच आकाशवाणीत गेलं होतं. त्याच 1952 च्या डिसेंबरात गीतमाला सुरू झाली. बुधवार, रात्री आठ. आमच्या जैन घरांत सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळे आठ वाजता भांडी घासून पालथी पडलेली असायची. शेजारपाजारच्या बायकांची तेव्हा चूल पेटलेली. ऐकायला मोकळ्या होतो त्या आम्हीच!

पण ऐकणं वेगळं, मोजलं जाणं वेगळं.

सुरुवातीला श्रोत्यांनी सात गाण्यांचा क्रम ओळखून पत्रानं कळवायचा असे. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. पोस्टकार्ड काय, स्वयंपाकघरात बसूनही लिहिता येतं. पुढे हिशोब रेकॉर्डींच्या विक्रीवर गेला आणि श्रोता संघांची मतं त्यात आली. आता सांगा, त्या काळी दुकानात जाऊन रेकॉर्ड विकत घेणारी बाई किती? आबिद्सच्या किंवा काचीगुड्याच्या इराणी हॉटेलात चहा घेत गाण्यांवर वाद घालणारी किती? नक्को बाई, विचारूच नका.

1953 च्या वार्षिक यादीत पहिलं आलं ते 'अनारकली'मधलं लताबाईंचं गाणं, संगीत सी. रामचंद्रांचं. त्यानंतर 1954 ते 1960 पहिल्या पायरीवर कोण? तलत, मुकेश, हेमंतकुमार, रफी, आणि मधूनमधून युगुलगीतं. एकट्या बाईचा आवाज एकदाही नाही. आणि हा लताबाई, गीता दत्त, आशाबाई तिघी भरात असतानाचा काळ! तिकडे इटलीत सानरेमोचा गाण्यांचा उत्सव 1951 मध्ये सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी निला पित्सी ही बाई जिंकली, आणि 1952 मध्ये तर पहिले तिन्ही क्रमांक तिचेच. तिथे नव्या गाण्यांची स्पर्धा लागे, आपल्याकडे आधीच गाजलेल्यांची मोजणी. म्हणून नुसती तुलना करून चालणार नाही, हे मान्य. तरी आकडा टोचतोच.

1957 ची गोष्ट मात्र मला फार आवडते. 'प्यासा', 'मदर इंडिया', 'नया दौर' ही सगळी त्याच वर्षातली. आणि पहिलं आलं काय? 'जनम जनम के फेरे'मधलं रफी-लताचं गाणं. भरत व्यासांचे शब्द, एस. एन. त्रिपाठींची चाल. पौराणिक चित्रपट, दुसरं नाव 'सती अन्नपूर्णा'. जाणकार अजून हळहळतात, साहिरच्या गाण्यांवर अन्याय झाला म्हणून. मला तसं वाटत नाही. असले चित्रपट बायकांनी दुपारच्या खेळाला जाऊन चालवले. माझा अंदाज असा, की त्या वर्षी त्यांची आवड इतकी मोठी झाली की कुठल्याही मोजपट्टीत ती आलीच. गाणं थोर आहे का? चाल साधी, एकदा ऐकून ओठावर येणारी. कणीक मळताना म्हणायच्या गाण्याला आणखी काय लागतं?

मग ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ बैठकीतून ओट्यावर पोचला. 1968 ते 1970, सलग तीन वर्षं पहिल्या पायरीवर लताबाई एकट्या: 'शागिर्द', 'इन्तकाम', 'दो रास्ते'. त्यातलं 'इन्तकाम'चं गाणं दारू प्यायल्याचं सोंग करणाऱ्या बाईचं. ते लागलं की सासूबाई आवाज बारीक करायला सांगायच्या, बंद करायला नाही.